आळंदचे अर्ज आणि संगणकाच्या तळाशी असलेली चिप

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद विधानसभा मतदारसंघात डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात मतदारयादीतील नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज दाखल झाले. निवडणूक यंत्रणेने पडताळणी केली तेव्हा त्यांपैकी अवघे २४ खरे निघाले. आपले नाव काढण्यासाठी कोणी अर्ज केला आहे, याची गंधवार्ता मतदारांना नव्हती. आणि ज्यांच्या नावाने हे अर्ज भरले गेले होते, त्यांतील अनेकांनाही ती नव्हती. चुकीची वगळणी झाली नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आळंद पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि नंतर दोन-अडीच वर्षे प्रकरण जवळपास निद्रिस्त राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी ते राष्ट्रीय व्यासपीठावर आणले. निवडणूक आयोगाने आरोप निराधार ठरवले, गुन्हा आपल्याच अधिकाऱ्यांनी नोंदवल्याचे आणि हाती असलेली माहिती ६ सप्टेंबर २०२३ रोजीच पोलिसांना दिल्याचे सांगितले. कर्नाटक सरकारने सीआयडीचे विशेष तपास पथक नेमले. कलबुर्गीतील एका डेटा सेंटरमधून हे अर्ज भरले गेले आणि प्रत्येक अर्जामागे ८० रुपये मोजले गेले, असा या पथकाचा आरोप आहे. तो खरा की खोटा, हे न्यायालय ठरवील.

राजकारणाच्या गदारोळात या प्रकरणाचा एक भाग दुर्लक्षित राहिला. तपास अडखळला तो एका साध्या प्रश्नावर: अर्ज कोणत्या यंत्रावरून गेला? भारतात इंटरनेटचा एकच पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांत वाटला जातो. त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून घर सापडत नाही. समोरच्या सर्व्हरचा पत्ता आणि जोडणीचे पोर्ट क्रमांकही लागतात. सीआयडी आयोगाकडे मागत होती ती हीच माहिती. पुढे पथकाने छापे घालून लॅपटॉप आणि मोबाइल संच जप्त केले आणि तपासाचे केंद्र पत्त्याकडून यंत्राकडे सरकले. येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आळंदच्या प्रकरणात कोणी फर्मवेअरशी खेळ केला, असा आरोप कोणीही केलेला नाही. मात्र जप्त केलेले यंत्र जे सांगते ते कितपत खरे मानायचे, हा प्रश्न या जिल्ह्यांत आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही आणि त्याचे मूळ संगणकाच्या अगदी तळाच्या थरात आहे.

संगणक सुरू करताना विंडोज किंवा लिनक्स जागे होण्यापूर्वी एक छोटा कार्यक्रम चालतो. तो मदरबोर्डवरील आठ पायांच्या एका चिपमध्ये साठवलेला असतो. जुन्या पिढीने त्याला बायोस म्हटले. त्याच्या आजच्या रूपाला यूईएफआय म्हणतात. मेमरी किती आहे, डिस्क कोठे आहे, कळफलक जोडलेला आहे की नाही, हे तपासून तो कारभार विंडोजच्या हाती सोपवतो. यंत्र आणि आज्ञावली यांच्या मधल्या अशा कार्यक्रमांना फर्मवेअर असे नाव आहे. ते केवळ मदरबोर्डवर नसते. हार्ड डिस्कमध्ये, नेटवर्क कार्डात, वेब कॅमेऱ्यात, इतकेच काय पेन ड्राइव्हमध्येही एक लहानसा स्वतंत्र संगणक आणि त्याचे स्वतःचे फर्मवेअर दडलेले असते.

पूर्वी हा कार्यक्रम कारखान्यातच कोरला जाई आणि तो बदलायचा तर चिपच बदलावी लागे. मध्यंतरी ज्या चिपा आल्या त्यांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश टाकल्यावर जुना मजकूर पुसला जाई आणि नवा भरता येई. १९९० च्या दशकात फ्लॅश मेमरी स्वस्त झाली. चिप न काढता, संगणक चालू असतानाच, साध्या आज्ञावलीने बायोस बदलणे शक्य झाले. कारखानदारांना हे सोयीचे होते, कारण विकलेल्या मालातील चूक ग्राहकाच्या घरी बसून दुरुस्त होऊ लागली. अनेक मदरबोर्डांवर लेखनबंदीसाठी एक जंपर, म्हणजे धातूची छोटी जोडपट्टी, दिलेली असे. ती काढल्याशिवाय चिपमध्ये काहीही लिहिता येत नसे. हळूहळू ही जोडपट्टी नाहीशी होत गेली. काही रुपयांची ती पट्टी काढून टाकताना काय गमावले जात होते, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

तो हिशेब २६ एप्रिल १९९९ रोजी मांडला गेला. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा विषाणू त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलच्या दुर्घटनेचीही तारीख तीच, म्हणून जगाने त्याला चेर्नोबिल हेच नाव दिले. विंडोज ९५ आणि ९८ वर पसरलेला हा विषाणू आधी हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकी आणि नंतर बायोसच्या चिपमध्ये निरर्थक मजकूर भरण्याचा प्रयत्न करी. जेथे तो यशस्वी झाला तेथे संगणकाचा पडदा काळाच राहिला. विंडोज पुन्हा टाकायला यंत्र सुरूच होत नव्हते. आशियात, विशेषतः दक्षिण कोरियात, मोठे नुकसान झाले.

सीआयएच दांडगट होता. त्याने मोडतोड केली आणि आपण आल्याचे जाहीर केले. नंतर आलेले अधिक सभ्य, म्हणून अधिक धोकादायक. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने इक्वेशन ग्रुप या हेरटोळीची माहिती उघड केली. ही टोळी नामांकित कंपन्यांच्या हार्ड डिस्कचे फर्मवेअर बदलून तेथे आपली जागा करीत होती. डिस्क फॉरमॅट केली तरी ती जागा शाबूत राही. त्याआधी, २०१४ मध्ये, जर्मन संशोधक कार्स्टन नोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन ड्राइव्हचे फर्मवेअर बदलून तो संगणकापुढे कळफलक म्हणून उभा करून दाखवला. संगणक त्याला निमूटपणे कळफलक समजला आणि त्याने ‘टंकलेल्या’ आज्ञा पाळू लागला. सप्टेंबर २०१८ मध्ये ईसेट या कंपनीने लोजॅक्स उजेडात आणला. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेला यूईएफआयमधला हा पहिला ज्ञात घुसखोर. विंडोज नव्याने टाकले, एवढेच नव्हे तर हार्ड डिस्क काढून दुसरी बसवली, तरी तो परत उगवतो; कारण त्याचे मूळ डिस्कमध्ये नाहीच. विशेष म्हणजे त्याने वेश घेतला होता तो चोरीला गेलेला लॅपटॉप शोधून देणाऱ्या एका प्रतिष्ठित आज्ञावलीचा. ती आज्ञावली डिस्क बदलली तरी टिकून राहावी, म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्यांनीच तिला फर्मवेअरमध्ये जागा दिली होती.

हेरगिरीच्या या कथा वाचून औराद किंवा भालकीतल्या दुकानदाराने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. त्याच्या लॅपटॉपवर परदेशी गुप्तचरांची नजर असण्याचा संभव नगण्य आहे. (बिदरमध्ये हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेथील यंत्रांचा प्रश्न वेगळा.) सामान्य माणसाला या भागात असलेला धोका अधिक रोजचा आहे आणि तो यंत्रांच्या फिरस्तीतून येतो.

बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि त्यांचा व्यापार आजही हैदराबादकडे ओढ घेतो. बिदरहून जवळचा मोठा संगणक बाजार बंगळूर नव्हे, तर सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून टाकलेले लॅपटॉप अशा बाजारांतून जिल्ह्याच्या गावी, तेथून तालुक्याला येतात. एकीकडून हैदराबाद, दुसरीकडून सोलापूर, उदगीर, लातूर, अशा तीन राज्यांच्या सांध्यावर यंत्र किती हातांतून गेले, याची नोंद कोठेही नसते. स्वस्तात मिळालेले हे लॅपटॉप विद्यार्थ्यांच्या, शिकवणीवाल्यांच्या आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकांच्या कामी येतात. पहाणीचा उतारा, जात-उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, आधारवरचा पत्ता ही सीमाभागातील कुटुंबाची सारी कागदपत्रे या केंद्रांतल्या पडद्यांवरून जातात. कन्नड न येणाऱ्या मराठी शेतकऱ्याला तर केंद्रचालक दुभाष्याचेही काम करतो. ओटीपी आला की शेतकरी मोबाइल त्याच्या हाती देतो. येथे विश्वास माणसावर असतो आणि तो बहुधा सार्थ ठरतो. माणूस प्रामाणिक असूनही यंत्र अप्रामाणिक असू शकते, ही शक्यता मात्र या व्यवहारात कोणी गृहीत धरलेली नसते.

कंपनीतून निघालेल्या लॅपटॉपला पुष्कळदा बायोसचा पासवर्ड असतो. तो काढण्याचा सर्रास मार्ग म्हणजे चिप लेव्हल रिपेअरिंगच्या दुकानात देणे. तेथील कारागीर चिपला चिमटा लावतो, काही शे रुपयांचा प्रोग्रामर जोडतो आणि त्याच मॉडेलची ‘बिन फाइल’ चिपमध्ये भरतो. बंद पडलेला लॅपटॉपही असाच जिवंत होतो. हे कौशल्य खरेच वाखाणण्याजोगे आहे. लहान गावांतील हजारो यंत्रे त्याच्याच जोरावर चालतात. ही फाइल मात्र उत्पादकाकडून आलेली नसते. कोणीतरी, कोठेतरी, दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपमधून काढून ती इंटरनेटवर ठेवलेली असते. तिच्यात मूळ मजकुराखेरीज आणखी काही आहे का, हे कारागिराला कळण्याचा मार्ग नाही आणि ग्राहकाला तर असा प्रश्न असतो हेच ठाऊक नसते. विषाणूप्रतिबंधक आज्ञावली विंडोजच्या वरच्या थरात काम करते; तिच्या पायाखाली काय आहे, ते तिला क्वचितच दिसते.

यावर उपाय म्हणून सिक्युअर बूट ही व्यवस्था आली. फर्मवेअरमध्ये काही डिजिटल किल्ल्या ठेवायच्या आणि त्या किल्लीची सही असलेलाच कार्यक्रम संगणक सुरू होताना चालू द्यायचा, अशी ती कल्पना. फर्मवेअरची सुधारित आवृत्तीही सही तपासूनच स्वीकारावी, असे अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने एप्रिल २०११ मध्ये सांगून ठेवले. कल्पना उत्तम होती. किल्ल्या सांभाळण्याची शिस्त तेवढी उत्तम निघाली नाही. २०२३ मध्ये सिक्युअर बूट चालू असतानाही शिरकाव करणारा ब्लॅकलोटस सापडला. गुन्हेगारी बाजारात तो ५,००० डॉलरला विकला जात होता. जुलै २०२४ मध्ये बायनार्ली या कंपनीने दाखवून दिले की, अनेक नामांकित कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांमध्ये केवळ चाचणीसाठी तयार केलेली किल्लीच तशीच ठेवून माल विकला गेला होता. त्या किल्लीच्या प्रमाणपत्रावर ‘डू नॉट ट्रस्ट’ असे ठळकपणे लिहिलेले होते. विश्वास ठेवू नका, असे जिच्यावर लिहिले होते, तिच्यावरच साऱ्या यंत्राचा विश्वास उभा होता.

आता याच व्यवस्थेचा एक मुदतीचा प्रश्न उभा आहे. जगातील बहुतेक विंडोज संगणकांत सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे आहेत. त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते आणि ऑक्टोबर २०२६ पर्यंत उरलेल्या मुख्य प्रमाणपत्राचीही संपते. त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेणार आहेत. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडणार नाही. तो नेहमीसारखाच सुरू होईल. मात्र सुरुवातीच्या टप्प्याला मिळणारी नवी संरक्षक दुरुस्ती त्याला मिळणार नाही. नवी प्रमाणपत्रे विंडोजच्या नियमित अद्यतनातून येतात आणि काही यंत्रांना त्याआधी उत्पादकाचे नवे फर्मवेअर लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला आहे. विंडोज ११ न चालणारी यंत्रे पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या कार्यालयांतून बाहेर पडत आहेत आणि ती भंगारात जाण्याऐवजी मागच्या वाटेने तालुक्याला येत आहेत. दुरुस्ती बंद झालेली यंत्रे आणि दुरुस्तीची सर्वाधिक गरज असलेला वापर अशा रीतीने एकाच ठिकाणी जमा होतो. केंद्रीय संस्था सर्ट-इन यासंबंधी सूचना काढते. त्या बहुतांश इंग्रजीत असतात आणि बसवकल्याणच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत त्या पोचण्याची कोणतीही वाट आखलेली नाही.

गोव्यातील वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, राज्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेच्या पणजीतील सर्व्हरवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला आणि नद्यांची माहिती कुलूपबंद झाली. तो हल्लाही फर्मवेअरवरचा नव्हता. तरी असा हल्ला झालेले यंत्र ‘साफ केले’ असे म्हणताना नेमके काय साफ केले, हा प्रश्न पणजीत आणि बिदरमध्ये सारखाच आहे. डिस्क पुसून आज्ञावली नव्याने टाकणे म्हणजे सफाई, हीच समजूत बहुतेक कार्यालयांत चालते.

मग फर्मवेअर पुन्हा कारखान्यात कोरून कायमचे बंद करावे काय? तसे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या बाजूने एक ठळक उदाहरण देता येते. भारतीय मतदान यंत्रे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सार्वजनिक कंपन्या बनवतात. त्यांच्या मुख्य चिपमध्ये कार्यक्रम एकदाच भरता येतो, असे आयोग सांगत आला आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली. त्याच वेळी चिन्हे भरण्यासाठी वापरलेली उपकरणे निकालानंतर किमान ४५ दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांतील चिपच्या स्मृतीची उत्पादकांच्या अभियंत्यांकडून तपासणी करण्याचा आदेश दिला. न बदलणारी चिपसुद्धा तपासण्याची सोय असावी, असे न्यायालयाला वाटले, हे येथे महत्त्वाचे. घरगुती संगणकाला मात्र हा कायमबंदीचा मार्ग परवडणारा नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधील दोष उघड झाले, तेव्हा जगभरच्या यंत्रांना वाचवण्याचे मोठे काम फर्मवेअरच्या दुरुस्त्यांनीच केले. कोरलेली चिप असती तर ते संगणक दोषासकट टाकून द्यावे लागले असते.

लिहिता येणे आणि कोणालाही लिहिता येणे यांत फरक आहे. गुगलच्या सुरुवातीच्या क्रोमबुकमध्ये लेखनबंदीसाठी आत एक खराखुरा स्क्रू असे. तो काढल्याखेरीज फर्मवेअरच्या मूळ भागाला हात लावता येत नसे. हा उपाय जुन्या जंपरइतकाच साधा होता. शासनाच्या खरेदीपत्रकात रॅम किती आणि डिस्क केवढी, याच्या ओळी असतात, तशीच फर्मवेअरच्या संरक्षणाची आणि उत्पादक किती वर्षे दुरुस्त्या पुरवणार याचीही एक ओळ सक्तीची केली, तर दरवर्षी शाळांत आणि पंचायतींत जाणाऱ्या यंत्रांचा पाया बदलेल. कल्याण कर्नाटकाला घटनेच्या ३७१-जे कलमाखाली स्वतंत्र विकास मंडळ आणि त्याचा निधी आहे. त्यातून संगणक घेतले जातात तेव्हा ही अट घालायला नव्या कायद्याची गरज लागत नाही. जुन्या यंत्रांच्या बाबतीत तालुक्याच्या कारागिराला शत्रू ठरवण्याऐवजी उत्पादकांनी मूळ फर्मवेअर फाइली त्याच्या हाताला सहज लागतील अशा ठेवाव्यात. आज काही कंपन्या त्या देतात, काहींच्या पानावर त्या शोधता शोधता माणूस थकतो आणि शेवटी कोणाची तरी अनोळखी ‘बिन फाइल’ उतरवून घेतो.

सर्वांत कमी चर्चा झालेली बाजू पुराव्याची आहे. कलबुर्गी जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत अशा पुराव्यांची प्रकरणे एकामागून एक पाहिली. ३ ऑक्टोबर २०२१ ला झालेल्या पोलीस उपनिरीक्षक भरती परीक्षेतील उत्तरपत्रिकांच्या फेरफाराचे धागे तेथेच सापडले आणि ती परीक्षा रद्द झाली; ऑक्टोबर २०२३ मध्ये कलबुर्गी आणि यादगीरच्या परीक्षाकेंद्रांवर ब्लूटूथ उपकरणे पकडली गेली; आणि आळंदचे प्रकरण आहेच. या सर्वांत न्यायालयापुढे जाते ते जप्त यंत्र. महाराष्ट्राला या वादाची तीव्रता ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने भीमा-कोरेगाव खटल्यातील एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर या घुसखोर आज्ञावलीद्वारे बाहेरून कागदपत्रे पेरल्याचा निष्कर्ष मांडला. तपास यंत्रणेने तो अमान्य केला. त्या वादात दोन्ही बाजू बोलत होत्या त्या डिस्कबद्दल, कारण प्रत घेतली जाते ती डिस्कची.

तपास यंत्रणांची रूढ पद्धत अशी की, डिस्कची बिटबरहुकूम प्रत काढायची आणि तिचा हॅश, म्हणजे त्या मजकुराचा गणिती ठसा, नोंदवायचा. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, म्हणून तो विश्वसनीय. मदरबोर्डवरील चिपची प्रत सहसा काढली जात नाही. त्यामुळे डिस्कवर जे सापडले ते यंत्राच्या मालकाने ठेवले की तळाच्या थरातून कोणी तेथे आणून ठेवले, हा प्रश्न उद्या एखाद्या वकिलाने विचारला, तर अभियोग पक्षाकडे उत्तर नसेल. आणि खरोखरच निर्दोष असलेल्या माणसाकडेही आपले निर्दोषत्व दाखवण्याचे साधन नसेल. ही चिप मोठी नाही. तिची साठवण बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइट असते, म्हणजे मोबाइलवरील एखाद्या छोट्या चित्रफितीएवढी. जो प्रोग्रामर दुकानातला कारागीर वापरतो, त्यानेच ती काही मिनिटांत वाचता येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात छापलेला आहे. उपकरणाचा प्रकार, बनावट, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय किंवा मॅक क्रमांक आणि हॅश कोणत्या पद्धतीने काढला, यांसाठी त्यात जागा आहेत. फर्मवेअरचा उल्लेख त्यात नाही. आणि यंत्राची ओळख म्हणून तेथे लिहायचा जो मॅक क्रमांक, तो नेटवर्क कार्डाच्या पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीतूनच वाचून घेतला जातो.